महाडच्या चवदार तळ्याचा दावा व ‘अनादि वहिवाटी’चा पुरावा

महजर, निवाडपत्रें, करीने आणि तक्रारी यांच्या वाचनांत ज्यांचा काळ गेला आहे त्यांस वहिवाटीच्या वादाचें नवल वाटण्याचें कारण नाहीं. पाटिलकीचा मान, पालखीची वाट, देवळांतील पहिली पूजा, पाटाच्या पाण्याची पाळी यांवरून झालेले तंटे आपल्या दप्तरांत शेंकड्यांनीं आहेत. आणि त्यांतील जवळजवळ प्रत्येक वादी ‘पूर्वापार चालत आलें आहे’ हें एकच वाक्य निरनिराळ्या शब्दांनीं सांगत असतो. प्रस्तुत लेखांत ज्या तंट्याचा विचार करावयाचा आहे तो याच जातीचा आहे. मात्र तो गोतसभेपुढें किंवा हुजुरांत चालला नाहीं, इ. स. १९२७ पासून १९३७ पर्यंत महाड, ठाणें व मुंबई येथील इंग्रजी अमदानींतील न्यायालयांतून तो चालला, आणि त्यांतील पहिला प्रतिवादी स्वतः बॅरिस्टर होता.

चवदार तळ्याचा सत्याग्रह शाळेंतील मुलांसही ठाऊक असतो. प्रस्तुत लेखकानें तो वर्गांत अनेक वर्षें शिकविला. ता. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांनीं तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें, येथें धडा संपत असे. त्या ओंजळीवर पुढें दहा वर्षें दिवाणी दावा चालला ही गोष्ट मुलांना सांगितल्याचें मला स्मरत नाहीं. कोणी विचारलेंही नाहीं. निवृत्तीनंतर उच्च न्यायालयाचा छापील निकाल सबंध वाचण्याचा योग आला, तेव्हां असें ध्यानांत आलें कीं, यांतील मुख्य प्रश्न कायदेपंडितांइतकाच आपल्या व्यवसायाचाही आहे. कागद नसतां ‘अनादि’ म्हणजे काय समजावयाचें, आणि तें कोणीं सिद्ध करावयाचें?

प्रथम स्थळाविषयीं. महाड हें सावित्री नदीच्या कांठचें जुनें व्यापारी ठिकाण. खाडीनें माल यावयाचा व घाटानें वर जावयाचा, यामुळें कोंकण व देश यांच्या देवघेवीचें तें एक नाकें होतें. रायगड जवळ असल्यामुळें शिवकाळांत त्याचें महत्त्व वाढलें; इ. स. १७९६ मध्यें नाना फडणीस येथें होते व त्या वर्षींचा प्रसिद्ध तह याच गांवच्या नांवानें ओळखला जातो. याहून जुना लेखी पुरावा गांवाशेजारच्या गांधारपाले येथील बौद्ध लेण्यांत आहे. तेथील ब्राह्मी लेखांत कुमार काणभोअ विष्णुपालित यानें लेणें, चैत्यगृह व आठ ओवऱ्या दिल्याची नोंद आहे, आणि लेण्याच्या दोहो अंगांस दोन पोढी, म्हणजे पाण्याचीं टाकीं, दिल्याचीही आहे. महाडच्या परिसरांत पाण्याविषयींचा इतका जुना लेख शिलेवर कोरलेला असावा, आणि ज्या तळ्यावरून एवढा तंटा झाला त्याच्याविषयीं मात्र दाता कोण, खोदविलें कोणीं, कशासाठीं, याची एक ओळही कोणास न्यायालयापुढें ठेवतां येऊं नये, हा योगायोग संशोधकाच्या मनांत घर करून राहतो.

तळें चार ते पांच एकरांचें आहे. पावसाचें पाणी व कांहीं झरे यांवर तें भरतें. कांठावर खाजगी मालकीच्या जमिनीच्या अरुंद पट्ट्या, कोठें कोठें पायऱ्या व बांधीव कांठ, त्यापलीकडे चोहोंबाजूंनीं म्युनिसिपालिटीचा रस्ता, आणि रस्त्यापलीकडे घरें; तीं बहुतेक सवर्ण हिंदूंचीं, थोडीं मुसलमानांचीं. अस्पृश्य मानलेल्या जातींचें घर जवळपास एकही नव्हतें. तळें निदान २५० वर्षांचें जुनें आहे एवढें दोन्ही पक्षांस मान्य होतें. तें मुळांत खोदलेलें कीं नैसर्गिक खोलगट जागाच पुढें बांधून काढलेली, हेंही निश्चित झालें नाहीं. नांवाचें लेखन इंग्रजी कागदांत निरनिराळें आढळतें. परंतु लोकांच्या तोंडीं तें चवीचें पाणी देणारें ‘चवदार’ असेंच आहे, व तेंच येथें स्वीकारलें आहे.

आतां त्या पाण्याची गरज कोणास होती तें पाहूं. महाडांतील महारवाड्यास विहीर होती, पण ती गांवाच्या मध्यापासून दूर, आणि म्युनिसिपालिटीच्या दुर्लक्षामुळें गाळानें भरलेली. मुख्य हाल होत ते बाहेरगांवच्या माणसांचे. बाजारहाटासाठीं येणारे, आणि त्यांहून अधिक म्हणजे वतनी चाकरीमुळें येणारे. गांवाचा सारा किंवा सरकारी टपाल घेऊन तालुक्याच्या कचेरींत जाणें हें महार वतनदाराचें कामच होतें. आपल्या संग्रहांत महारकीचीं कामें सांगणाऱ्या ज्या याद्या आहेत त्यांत हें काम हमखास सांपडतें. सरकारचें टपाल डोक्यावर घेऊन दहा-बारा कोस चालत आलेल्या माणसास कचेरीच्या गांवीं, परक्या माणसाला सहज गांठतां येईल असें एकमेव सार्वजनिक तळें असूनही, तेथें पाणी मिळत नसे. मुसलमान व ख्रिस्ती यांस त्या तळ्यावर अडथळा नव्हता. ही बाब पुढें दाव्यांतही महत्त्वाची ठरण्याजोगी होती.

या प्रदेशांत या अन्यायाची जाणीव १९२७ मध्येंच एकाएकीं उत्पन्न झाली असें मात्र समजूं नये. महाड तालुक्यांतील रावढळचे गोपाळबाबा वलंगकर यांनीं १८८८ सालींच ‘विटाळविध्वंसन’ ही पुस्तिका लिहून शास्त्री-पंडितांस प्रश्न विचारले होते. पेन्शनर लष्करी माणसानें अस्पृश्यतेस आधार काय हें लेखी विचारावें, आणि तेंही याच तालुक्यांतून, ही गोष्ट ‘पूर्वापार निर्विवाद’ म्हणणाऱ्यानें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. जुन्या मराठी पुस्तिकांचे संग्राहक या एका छोट्या चोपडीकडे अजून पुरेसें वळलेले दिसत नाहींत.

डॉ. आंबेडकर १९२२ सालीं लंडनच्या ग्रेज इन या संस्थेंतून बॅरिस्टर झाले व १९२३ सालीं मुंबई उच्च न्यायालयांत त्यांनीं वकिलीस आरंभ केला. सॉलिसिटरांच्या मार्फत चालणाऱ्या बड्या कामांत नव्या बॅरिस्टरास शिरकाव मिळणें तसेंही अवघड, आणि जातीमुळें त्यांस तें दुप्पट अवघड झालें. म्हणून अपिलें व जिल्ह्याच्या कोर्टांतील कामें यांवर त्यांचा भर राहिला. चरितार्थास जोड म्हणून १९२५ पासून १९२८ पर्यंत ते बाटलीबॉय यांच्या हिशेबशिक्षण संस्थेंत व्यापारी कायदा शिकवीत. त्यांनीं चालविलेल्या खटल्यांपैकीं एक पुण्याच्या वाचकांस जवळचा वाटेल. दिनकरराव जवळकर यांच्या ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून झालेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यांत जवळकर, केशवराव जेधे प्रभृतींस खालच्या न्यायालयानें शिक्षा दिली होती. १९२६ सालीं अपिलांत डॉ. आंबेडकरांनीं त्यांची बाजू मांडली व ते सुटले. त्या पुस्तकाची भाषा लेखकास रुचत नाहीं. पण वकिलानें आरोपीची भाषा आवडून घ्यावी असा नियमही नाहीं. पुढें १९३४ सालीं ‘समाजस्वास्थ्य’कार र. धों. कर्वे यांच्यावरील अश्लीलतेच्या खटल्यांतही ते उभे राहिले. तेथें यश आलें नाहीं. अशा माणसास महाडच्या प्रकरणांत वकील व पक्षकार या दोन्ही नात्यांनीं एकदम वागावें लागलें, आणि तें किती कठीण असतें तें १९२७ च्या डिसेंबरांत दिसून आलें.

घटनाक्रम थोडक्यांत असा. ता. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबई कायदे कौन्सिलांत सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशानें बांधलेलीं अथवा राखलेलीं पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेंच सरकारी शाळा, न्यायालयें, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांस खुले असावेत असा त्याचा आशय. सरकारनें त्यास अनुसरून हुकूम काढला, आणि जानेवारी १९२४ मध्यें महाडच्या म्युनिसिपालिटीनें चवदार तळें सर्वांस मोकळें असल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांचा या कामांत पुढाकार होता. ठराव दप्तरांत राहिला. तीन वर्षें त्याचा उपयोग कोणीं केला नाहीं. मार्च १९२७ मध्यें कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडास भरली, आणि दुसऱ्या दिवशीं परिषदेचे लोक मिरवणुकीनें तळ्यावर जाऊन पाणी प्याले. वीरेश्वराच्या देवळांतही ते शिरणार अशी अफवा उठून मारहाण झाली. नंतर १०८ घागरी पाणी उपसून, पंचगव्य घालून व मंत्र म्हणून तळ्याची ‘शुद्धि’ करण्यांत आली. ता. ४ ऑगस्ट १९२७ रोजीं, म्हणजे बोले यांच्या ठरावास बरोबर चार वर्षें पुरीं झालीं त्या दिवशीं, म्युनिसिपालिटीनें आपला १९२४ चा ठराव रद्द केला.

या रद्द करण्यानें मूळ हक्क गेला असें डॉ. आंबेडकर मानीत नव्हते. तळें सार्वजनिक असेल तर त्याचें पाणी घेण्याचा हक्क ठरावानें दिलेला नव्हे, ठरावानें फक्त मान्य केलेला. मग ठराव मागें घेतला तरी हक्क उरतो. म्हणून पुन्हां डिसेंबरांत सत्याग्रह करण्याचें ठरलें. सवर्णांकडून परिषदेस जागा मिळेना, तेव्हां एका मुसलमान गृहस्थानें आपली जागा दिली. मात्र परिषदेच्या आधींच, ता. १२ डिसेंबर १९२७ रोजीं, महाडच्या दिवाणी कोर्टांत कांहीं सवर्ण रहिवाशांनीं दावा लावला आणि ता. १४ रोजीं तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. प्रतिवादींत पहिलें नांव डॉ. आंबेडकर यांचें होतें. सोबत सीताराम नामदेव शिवतरकर व इतर कांहीं सहकारी होते. दाव्याचें स्वरूप प्रातिनिधिक होतें, म्हणजे वादी समस्त स्पृश्यांतर्फे व प्रतिवादी समस्त अस्पृश्यांतर्फे असे धरले होते. त्यामुळें निकाल कसाही लागला तरी तो पांच-सात नांवांपुरता राहणार नव्हता.

परिषदेस हजारों माणसें आलीं होतीं, तीं तुरुंगांत जाण्याच्या तयारीनें. कलेक्टरांनीं परिषदेंत येऊन हुकूम मोडूं नका असें सांगितलें. सत्याग्रह करावाच असें बहुतेकांचें मत होतें. येथें पुढारी आणि बॅरिस्टर यांचा एका देहांत झगडा झाला असावा असें मानण्यास जागा आहे. अखेर डॉ. आंबेडकरांनीं सत्याग्रह तहकूब करण्याचा सल्ला दिला व तो मानला गेला. लोक तळ्याभोंवतीं मिरवणुकीनें फिरले आणि पाण्यास न शिवतां परतले. नऊ महिन्यांपूर्वीं जें पाणी प्याले तेंच पाणी आतां शेजारून पाहून जावयाचें, हें घराघरांतून पैसे जमवून आलेल्या माणसांस सांगणें सोपें नव्हतें. या सबंध प्रकरणांत लेखकास अधिक मोठी वाटते ती हीच गोष्ट. सरकारनें नेहमींप्रमाणें नुसती जमावबंदी केली असती तर ती मोडणें निराळें होतें. दिवाणी न्यायालयाचा हुकूम मोडला असता तर ज्या न्यायालयापुढें हक्क शाबीत करावयाचा तेथेंच हात मळलेले दिसले असते.

त्याच परिषदेंत ता. २५ डिसेंबर रोजीं मनुस्मृति जाळण्यांत आली, आणि ठराव मांडण्यांत गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे ब्राह्मण गृहस्थ होते. प्रस्तुत लेखकाचें शिक्षण संस्कृतांत झालें असल्यामुळें ही हकीकत प्रथम वाचली तेव्हां वाईट वाटलें होतें. पोथी कोणतीही असो, ती जपावी हाच संस्कार. पुढें दाव्याचे कागद वाचतांना त्या वाईट वाटण्याची धार बरीच बोथट झाली, एवढें येथें नमूद करून पुढें जातों.

मनाईहुकूम ता. २३ फेब्रुवारी १९२८ रोजीं उठला. मूळ दावा मात्र चालूच राहिला. वादींचें म्हणणें दुहेरी होतें. पहिलें असें कीं, तळें सवर्णांच्या मालकीचें आहे. दुसरें असें कीं, मालकी कोणाचीही असो, तें आपणच वापरावें व अस्पृश्यांनीं वापरूं नये अशी अनादि वहिवाट आहे. पहिलें म्हणणें टिकण्यासारखें नव्हतें. तळें म्युनिसिपालिटीकडे आहे असें ठरलें. खरी लढत दुसऱ्या मुद्द्यावर होती. आणि येथें प्रतिवादींची स्थिति वाटते तितकी बळकट नव्हती. अस्पृश्य त्या तळ्यावर पूर्वीं जात होते असें दाखविणारा पुरावा त्यांच्याजवळ नव्हता. माणसाच्या आठवणींतला सारा काळ वादींच्या बाजूनें बोलत होता. शिवाय वहिवाटीच्या जोरावर देवळाबाबत असे हक्क मान्य झालेले होते. रामनाड संस्थानांतील कामुदीच्या देवळांत नाडार लोकांस प्रवेशाचा हक्क नाहीं असें १९०८ सालीं थेट प्रिव्ही कौन्सिलनेंच ठरविलें होतें. तळें म्हणजे देऊळ नव्हे हें खरें. पण वहिवाट एकदां सिद्ध झाली असती तर भेद कितपत टिकला असता, कोण सांगूं शकेल?

महाडच्या कोर्टानें १९३१ सालीं दावा काढून टाकला, परंतु त्याची कारणमीमांसा मोठी सावध होती. अस्पृश्य पाणी घेत नसत ही दीर्घकाळची चाल त्यानें सिद्ध धरली. मात्र एका वर्गानें वापर केला नाहीं एवढ्यावरून दुसऱ्या वर्गास त्याला अडविण्याचा हक्क मिळत नाहीं असें म्हटलें. ठाण्याच्या असिस्टंट जज्जांनीं १९३३ सालीं अपील फेटाळतांना एक पाऊल पुढें टाकलें आणि ही चाल अनादि असल्याचें सिद्धच झालें नाहीं असा निर्णय दिला. वादी उच्च न्यायालयांत गेले. ‘नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर’ या नांवानें तें दुसरें अपील न्यायमूर्ति ब्रूमफील्ड व न्यायमूर्ति वाडिया यांच्यापुढें चाललें. हे ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ सालीं अहमदाबादेस गांधीजींस सहा वर्षांची शिक्षा देणारेच. ता. १७ मार्च १९३७ रोजीं अपील खर्चासह फेटाळलें गेलें. ठाण्याचा निष्कर्ष, म्हणजे अनादि वहिवाट शाबीत झाली नाहीं, हाच कायम झाला.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. ‘अनादि’ या शब्दाचा न्यायालयीन व्यवहार असा कीं, हयात माणसांच्या आठवणीपर्यंत एखादी चाल अखंड दिसली तर तत्पूर्वींही ती असावी असें अनुमान करतां येतें. पण अनुमान हें अनुमान. नैयायिक जसा धुरावरून अग्नि सांगण्यापूर्वीं व्याप्ति तपासतो, तसें येथेंही तपासलें पाहिजे. अस्पृश्य तळ्यावर येत नव्हते, यावरून त्यांस येऊं दिलें जात नव्हतें असें ठरतें काय? आणि येऊं दिलें जात नव्हतें असें धरलें, तरी तो हक्क होता कीं नुसतें बळ? आपल्या दप्तरांतील तंट्यांत हक्क कसा दिसतो? कोणी तरी तो मोडूं पाहतो, दुसरा फिर्याद करतो, गोत जमतें, साक्षी होतात, आणि शेवटीं निवाडा होतो. जेथें अशी एकही फिर्याद नाहीं, एकही गुन्हेगारी घेतल्याची नोंद नाहीं, एकही प्रायश्चित्त दिल्याची याद नाहीं, तेथें दोनच तर्क संभवतात : वहिवाट इतकी दृढ होती कीं कोणीं मोडलीच नाहीं, किंवा प्रसंगच आला नाहीं. वादींनीं पहिला तर्क सिद्ध वस्तु म्हणून पुढें केला. परंतु महारवाडा दूर, त्याची विहीर निराळी, तळ्याभोंवतीं सगळीं घरें परक्यांचीं. अशा स्थितींत दुसरा तर्कही तितकाच संभवनीय आहे. आणि भार सिद्ध करणारावर असल्यामुळें दोन तर्क समबल झाले कीं वादी हरला. तळ्याचें पाणी मुसलमान बिनदिक्कत घेत, यामुळें ‘आम्हींच वापरावयाचें’ हें म्हणणें आधींच लंगडें झालेलें होतें.

संशोधकास येथें थोडा थांबून स्वतःकडेही पाहावें लागतें. कागदाचें मौन आपण किती वेळां सोयीप्रमाणें वाचतों! एखाद्या घराण्याच्या मोठेपणाविरुद्ध कागद नाहीं म्हणून तें मोठें, आणि एखाद्या जातीच्या हक्काचा कागद नाहीं म्हणून तिला हक्क नव्हता, अशीं विधानें आपल्या लेखांतून विरळ नाहींत. ज्यांच्या घरीं दप्तर नव्हतें, ज्यांस लिहितां येऊं दिलें नाहीं, त्यांच्याविरुद्ध कागदाचा अभाव हा पुरावा होऊं शकत नाहीं, ही साधी गोष्ट ठाण्याच्या व मुंबईच्या न्यायाधीशांनीं आपल्यापेक्षां कांटेकोरपणें पाळली.

न्यायालयापुढचा वाद वहिवाटीचा होता. तरी ज्यांनीं तळें पंचगव्यानें शुद्ध केलें त्यांचा आधार धर्मशास्त्र हा होता, म्हणून त्याचाही विचार केला पाहिजे. विष्णुस्मृतींत जलाशयांच्या शुद्धीचें प्रकरण आहे. लहान स्थिर जलाशयांची शुद्धि विहिरीप्रमाणें करावी, पण मोठ्या जलाशयांस दोष लागतच नाहीं, असा तेथील स्पष्ट निर्णय आहे. चार-पांच एकरांचें तळें मोठें नव्हे असें म्हणण्याचें धाडस कोणी शास्त्री करील असें वाटत नाहीं. तेव्हां त्या १०८ घागरींस स्मृतीचा आधार शोधूं गेल्यास उलट स्मृतिवचनच आड येतें. तडागोत्सर्गाच्या विधींत यजमान तें पाणी सर्व भूतांसाठीं सोडतो आणि त्यावरील आपलें स्वत्व टाकतो, म. म. पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासांत या विधीचें विवेचन आलें आहे. प्राणिमात्रासाठीं सोडलेल्या पाण्यांतून माणसांचा एक वर्ग वगळावयाचा तर तसा अपवाद संकल्पांतच दाखवावा लागेल.

याच्या उलट बाजूचीं वचनें नाहींत असें मी म्हणत नाहीं. चांडालाच्या भांड्यांतलें किंवा विहिरीचें पाणी प्याल्यास प्रायश्चित्त सांगणाऱ्या स्मृति आहेत, आणि त्या लपवून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल. पण तीं वचनें पिणाराच्या प्रायश्चित्ताविषयीं आहेत. दुसऱ्यास तळ्यावरून हांकलून देण्याचा अधिकार त्यांतून निघत नाहीं. आणि केवळ आचाराविषयीं मीमांसकांचें मत तर प्रसिद्धच आहे. जैमिनीच्या पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादांत असें ठरविलें आहे कीं, ज्या वचनाच्या मुळाशीं लोभासारखें दृष्ट कारण दिसतें त्यावरून श्रुतीचें अनुमान करूं नये. शबरस्वामींनीं तेथें यज्ञांतलें वस्त्र अध्वर्यूनें घेण्याचें उदाहरण दिलें आहे. वस्त्र हवें म्हणून नियम झाला, इतकें सरळ. चवदार तळ्याच्या कांठीं हें अधिकरण लावून पाहावें. बाजारपेठेच्या गांवांत पाण्यावर, आणि पाण्याबरोबर माणसांवर, ताबा राहतो हें दृष्ट कारण इतकें उघड असतां त्या चालीला अनादि धर्माचें वस्त्र नेसविणें मीमांसेस मान्य होणार नाहीं. ज्यांनीं या दाव्यास शास्त्राचा पाठिंबा आहे असें धरलें, आणि तरुणपणीं मीही त्यांतलाच होतों, त्यांनीं हीं स्थळें वाचलेलीं नसावीत.

उच्च न्यायालयाच्या निकालाचा जो भाग लेखकास सर्वांत अधिक विचार करावयास लावतो तो शेवटचा. वहिवाट सिद्ध झाली असती तर ती अन्याय्य अथवा लोकहितविरोधी आहे काय, तळें म्युनिसिपालिटीकडे गेल्याचा परिणाम काय, आणि मालक असलेली म्युनिसिपालिटी दाव्यांत पक्षकार नसतां मनाईहुकूम देतां आला असता काय, हे प्रश्न उपस्थित झाले असते असें न्यायमूर्तींनीं म्हटलें व ते तसेच सोडून दिले. न्यायालयाच्या पद्धतीप्रमाणें तें योग्यच होतें. जेवढ्यानें निकाल लागतो तेवढेंच ठरवावें. परंतु परिणाम असा झाला कीं, माणसाला पाण्यावरून हांकलणें हेंच मुळीं गैर आहे असें या निकालांत कोठेंही नाहीं. महाडचे लोक जिंकले ते पुराव्याच्या एका कलमावर. दुसऱ्या गांवच्या तळ्याविषयीं वादींनीं चांगले जुने कागद आणले असते तर? एखाद्या इनामदाराच्या दप्तरांतून शंभर-दीडशें वर्षांपूर्वींचा निवाडा निघाला असता तर? आपल्यासारख्या संग्राहकांच्याच पेटाऱ्यांतून तो निघाला असता, हा विचार सुखाचा नाहीं.

डॉ. आंबेडकर त्या वेळीं मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते आणि नुकतेच प्रांतिक असेंब्लींत निवडून आले होते. निकालांतील ही उणीव कायद्याच्या अध्यापकाच्या नजरेंतून सुटली असेल असें मानतां येत नाहीं. पुढें त्यांच्याच अध्यक्षतेखालीं मसुदा तयार झालेल्या, आणि ता. २६ जानेवारी १९५० पासून अंमलांत आलेल्या राज्यघटनेचीं तीन कलमें या दाव्याशेजारीं ठेवून वाचावींत. सतराव्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली, हें सर्वांस ठाऊक आहे. पंधराव्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमांत सरकारी पैशानें राखलेल्या अथवा सार्वजनिक वापरासाठीं अर्पण केलेल्या विहिरी, तळीं, स्नानघाट व रस्ते यांचा स्पष्ट उल्लेख आहे. बोले यांच्या १९२३ च्या ठरावाशीं त्याची शब्दरचना ताडून पाहिली तर नातें लपत नाहीं. तिसरें कलम तेरावें. तें सामान्य वाचकाच्या नजरेस क्वचित् पडतें. मूलभूत हक्कांशीं विसंगत असलेला कायदा रद्द, असें सांगून त्या कलमांत ‘कायदा’ या शब्दाची जी व्याख्या दिली आहे तींत रूढि आणि वहिवाट यांचाही समावेश केला आहे. म्हणजे यापुढें कोणीं कितीही जुना निवाडा आणला आणि वहिवाट कितीही निर्विवाद सिद्ध केली, तरी तिचा उपयोग नाहीं. १९३७ सालीं जो प्रश्न अनिर्णीत राहिला त्याचें उत्तर या व्याख्येंत आहे. हें कलम लिहितांना महाडचा दावा कोणाच्या मनांत होता असा लेखी पुरावा माझ्यापुढें नाहीं, म्हणून तसें विधान मी करीत नाहीं. वाचकांनीं दोन्ही मजकूर शेजारीं ठेवून आपलें मत बनवावें.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. महाराष्ट्र शासनानें प्रसिद्ध केलेल्या आंबेडकर ग्रंथमालेच्या सतराव्या खंडांत या दाव्याचे बरेच कागद छापले गेले आहेत. परंतु तळ्याकांठच्या घरांचीं व जमिनींचीं जुनीं खरेदीखतें, गहाणखतें व वाटणीपत्रें महाडच्या घराघरांतून अजूनही असणें शक्य आहे. अशा प्रत्येक खतांत चतुःसीमा लिहिलेली असते, आणि ज्या घराच्या पूर्वेस किंवा पश्चिमेस तळें आहे त्या खतांत लेखकानें त्या तळ्यास कांहीं तरी म्हटलेलें असणारच : गांवचें तळें, सरकारी तळें, अमक्याचें तळें, किंवा नुसतेंच तळें. म्युनिसिपालिटी होण्यापूर्वींच्या काळांतील अशीं दहा-बारा खतें जरी एकत्र झालीं, तरी तळें कोणाचें समजलें जात होतें याचा पुरावा प्रथमच हातीं येईल. ज्यांच्याकडे अशा नकला असतील त्यांनीं चतुःसीमेची ओळ, शक आणि मिती एवढें तरी उतरून त्रैमासिकाकडे पाठवावें.